ब्लिचिंग पावडर: विहीर, टाकी आणि गोदामासाठी नव्या माणसाचं मार्गदर्शक

ग्रामपंचायतीत वॉटरमन म्हणून नव्याने लागलेल्या माणसाच्या हाती पहिल्याच आठवड्यात पावडरीचं पोतं येतं. पोत्यावरची सूचना इंग्रजीत, पंचायतीची नोंदवही कानडीत आणि काम शिकवणारा माणूस बहुधा "दोन डबे टाक" एवढंच सांगून निघून गेलेला. दोन डबे कशासाठी, किती पाण्याला, कोणत्या पावडरीचे, हे कुणी सांगत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागात अजून कितीतरी वाड्या-वस्त्यांचं पिण्याचं पाणी विहिरीवर किंवा उंच टाकीवर चालतं. तिथे काम करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

पावडर म्हणजे नेमकं काय

विरी गेलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडला की ब्लिचिंग पावडर तयार होते. स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये तिचं पेटंट घेतलं, ते कापड पांढरं करण्यासाठी. पाठ्यपुस्तकात तिचं एकच सूत्र दिलेलं असतं, पण प्रत्यक्षात ती कॅल्शियम हायपोक्लोराइट, कॅल्शियम क्लोराइड आणि उरलेला चुना यांचं मिश्रण असते. यातला जंतू मारणारा भाग फक्त हायपोक्लोराइटचा. म्हणून पावडरीची ताकद 'उपलब्ध क्लोरीन किती टक्के' अशी मोजतात. चांगल्या नव्या पावडरीत ते ३२ ते ३५ टक्के असतं. पोतं घेताना त्यावर आयएस १०६५ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि उत्पादनाची तारीख पाहावी. तारीख पुसलेली असेल तर पोतं परत करावं.

पाण्यात गेल्यावर हायपोक्लोराइटपासून हायपोक्लोरस आम्ल बनतं आणि जंतूंवर खरा मारा तेच करतं. पाणी जितकं अल्कधर्मी, तितकं हे आम्ल कमी उरतं. पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) साधारण ७.५ असेल तर निम्मं आम्लाच्या रूपात असतं, आणि पीएच ८.५ झाला की जेमतेम दहावा हिस्सा. अथणी-रायबागकडच्या काळ्या मातीतल्या बोअरचा पीएच चढा निघाला, तर तेवढीच पावडर घालूनही काम सावकाश होतं. अशा ठिकाणी टाकी भरल्यावर अर्ध्या तासात व्हॉल्व्ह न उघडता तासभर तरी थांबावं.

पावडर काय करत नाही, तेही आधीच सांगायला हवं. ती फ्लोराइड, नायट्रेट किंवा पाण्याचा जडपणा काढत नाही. शेतातलं खत-औषध उतरलेलं पाणी ती पिण्यायोग्य करत नाही.

पोतं किती जिवंत आहे?

वास सणसणीत म्हणजे पावडर कडक, असा समज सगळीकडे आहे. तो उलटा आहे. वास येतो म्हणजे क्लोरीन पोत्यातून निघून चाललाय. हवेतली ओल, कर्बवायू, ऊन आणि उष्णता या चौघांमुळे पावडर दिवसेंदिवस मरत जाते. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात उघडं राहिलेलं पोतं काही आठवड्यांत नावापुरतं उरतं. गोळे झालेली, हाताला ओलसर लागणारी पावडर वजनाला भरते, ताकदीला नाही.

ताकद तपासणं अवघड नाही. तालुक्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत नमुना देता येतो, आणि कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतही हे सहज होतं:

पोत्याच्या मधून, तोंडाजवळून नव्हे, ५ ग्रॅम पावडर घ्यावी. खलात थोड्या पाण्याबरोबर घोटून एक लिटर करावी. चांगली हलवून, गाळासकट २५ मिली द्रावण काढावं. नुसती वरची निवळ घेतली तर आकडा चुकतो. त्यात पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसिटिक आम्ल घातलं की आयोडीन सुटून रंग तपकिरी होतो. मग ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबथेंब सोडावं, रंग फिका पिवळा झाल्यावर स्टार्चचे काही थेंब घालावेत आणि निळा रंग जाईपर्यंत चालू ठेवावं. लागलेल्या मिलीलिटरना २.८४ ने गुणलं की टक्केवारी मिळते. ११.६ मिली लागले तर ती पावडर ३३ टक्क्यांची.

दर महिन्याला आणि प्रत्येक नव्या गाडीतल्या पोत्यांपैकी एकाची अशी तपासणी व्हायलाच हवी. २० टक्क्यांच्या खाली उतरलेल्या पावडरीवर पिण्याच्या पाण्याचा भरवसा ठेवू नये. ती गटार आणि संडासाच्या परिसरासाठी वापरावी.

मात्रेचा हिशोब

एक सूत्र पाठ करून ठेवा:

पावडर (ग्रॅम) = पाणी (लिटर) × मात्रा (मिलीग्रॅम प्रति लिटर) ÷ (टक्केवारी × १०)

५०,००० लिटरची टाकी, मात्रा २ मिलीग्रॅम, पावडर ३३ टक्के: ५०,००० × २ ÷ ३३० = ३०३ ग्रॅम. तीच पावडर २० टक्क्यांवर आली असेल तर ५०० ग्रॅम लागेल. 'दोन डबे' पद्धतीत हा फरक कुठेच धरला जात नाही, आणि श्रावणात गावात कावीळ किंवा हगवण निघाली की त्याचं कारण बरेचदा इथेच सापडतं.

मात्रा किती धरायची हे पाण्यावर ठरतं. पाण्यातली माती, शेवाळ, लोह, अमोनिया हे सगळे आधी क्लोरीन खातात आणि त्यांचं भागल्यावर जे उरेल तेच जंतूंसाठी. एक मिलीग्रॅम विरघळलेलं लोह साधारण ०.६ मिलीग्रॅम क्लोरीन खातं. खानापूरच्या जांभ्या दगडातल्या ज्या विहिरींच्या कडेला तांबूस थर दिसतो, तिथे हा खर्च धरावा लागतो. गोठ्याचं किंवा गटाराचं पाणी मुरत असेल तर अमोनिया येतो. तेव्हा क्लोरीन त्याच्याशी जोडला जाऊन क्लोरामाइन बनतं, ज्याला उग्र वास असतो पण मारक शक्ती कमी. लोक वासाची तक्रार करतात, वॉटरमन पावडर कमी करतो, आणि धोका वाढतो. अशा पाण्यात मात्रा वाढवत नेली की मोजलेला क्लोरीन आधी चढतो, मग खाली येतो आणि त्यानंतर पुन्हा चढू लागतो. त्या दुसऱ्या चढावरचाच क्लोरीन मुक्त असतो. अमोनियातल्या नायट्रोजनच्या सुमारे आठ ते दहा पट क्लोरीन तिथवर पोचायला लागतो. त्यामुळे पावडर ओतत बसण्यापेक्षा गोठ्याचा निचरा विहिरीपासून दूर वळवणं केव्हाही स्वस्त पडतं.

विहीर

गोल विहिरीत पाणी किती, हे आधी मोजा. दोराला दगड बांधून पाण्याची खोली घ्या, टेपाने व्यास घ्या, दोन्ही मीटरमध्ये.

लिटर = ३.१४ × व्यास × व्यास × खोली × १००० ÷ ४

३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी म्हणजे २८,२६० लिटर. स्वच्छ विहिरीला चांगली पावडर १००० लिटरमागे २.५ ग्रॅम धरतात, म्हणजे इथे सुमारे ७१ ग्रॅम. पाणी संशयास्पद असेल तर अंदाज सोडून हॉरॉक्स पेटी वापरा. त्यात २०० मिलीचे सहा पांढरे कप, एक काळा कप, २ ग्रॅमचा चमचा, काचेच्या कांड्या आणि स्टार्च-आयोडाइडचं द्रावण असतं. काळ्या कपात एक सपाट चमचा पावडर घोटून आतल्या खुणेपर्यंत पाणी घालतात. ती निवळ पहिल्या कपात एक थेंब, दुसऱ्यात दोन, अशी सहापर्यंत घालून, ढवळून अर्धा तास थांबतात. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. निळा रंग ज्या कपापासून दिसू लागतो त्याचा क्रमांक गुणिले २, इतके ग्रॅम पावडर ४५५ लिटर पाण्याला लागते. तिसऱ्या कपापासून निळं झालं तर ६ ग्रॅम. या पेटीची गंमत अशी की पाण्याची भूक आणि पावडरीची ताकद, दोन्ही एकदमच मोजली जातात. म्हणून पेटीत तीच पावडर वापरावी जी विहिरीत जाणार आहे.

आता घालण्याची रीत. प्लास्टिकच्या बादलीत, एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त नाही, अशी पावडर घेऊन थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा. मग पाऊण बादलीपर्यंत पाणी घालून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं राहू द्या. चुन्याचा साका खाली बसतो. वरची निवळ दुसऱ्या बादलीत हळूच ओतून घ्या. साका विहिरीत टाकायचा नाही, त्याने पाणी जड होतं. तो खड्ड्यात पुरा. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली आणि आडवी झटके देत फिरवा. एक तास कुणाला पोहरा सोडू देऊ नका. रात्री शेवटची घागर भरून गेल्यावर हे केलं तर पूर्ण रात्र मिळते आणि सकाळी वासही उतरलेला असतो.

गाळ किंवा डासांसाठी मासे सोडलेले असतील, देवळाच्या विहिरीत कासव असेल, तर आधी ते काढून घ्या. क्लोरीन माशांना सोसत नाही.

घरच्या आडाला रोज हे करणं होत नाही. त्यासाठी नागपूरच्या नीरी संस्थेची दोन मडक्यांची पद्धत आहे. लहान मडक्यात १ किलो पावडर आणि २ किलो भरड वाळू, जरा ओलसर करून, मडक्याच्या तोंडाजवळच्या १ सेंटिमीटरच्या भोकाखाली तीन सेंटिमीटर जागा राहील इतकी भरतात. ते मोठ्या मडक्यात ठेवायचं. मोठ्याला भोक तळापासून ४ सेंटिमीटरवर असतं. तोंड प्लास्टिकने बांधून पाण्याखाली एक मीटर सोडायचं. साधारण ४,५०० लिटरच्या आणि दिवसाला ४०० लिटरच्या आसपास उपशाच्या आडाला हे दोन ते तीन आठवडे पुरतं. मोठ्या सार्वजनिक विहिरीला याचा उपयोग नाही.

टाकी

कोरडी पावडर टाकीत वरून भिरकावणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. ती ढेकळांनी तळाला जाते, एका नळाला क्लोरीनचा लोट जातो आणि दुसऱ्याला काहीच नाही, शिवाय चुन्याचा थर व्हॉल्व्हमध्ये बसतो. १ टक्क्याचं द्रावण करा: १०० लिटरच्या प्लास्टिक पिंपात ३ किलो पावडर (३३ टक्के), ढवळून रात्रभर झाकून ठेवायची, सकाळी निवळ घ्यायची. या द्रावणाचे १० लिटर ५०,००० लिटर टाकीला २ मिलीग्रॅमची मात्रा देतात. टाकी भरताना, पाणी पडतं त्या तोंडाशी धार सोडली की मिसळण्याचं काम पाणीच करतं. तासाला १०,००० लिटर येत असतील तर दर मिनिटाला ३३ मिली हवं. मोजपात्र आणि घड्याळ घेऊन नळी एकदा लावून घ्या. सलाईनसारखी बारीक नळी चुन्याने दोन-चार दिवसांत गच्च होते. ती तारेने मोकळी करा किंवा बदला. साफ करायला आम्ल वापरण्याचा मोह टाळा, कारण पुढे येतं.

पिंप लोखंडी किंवा तांब्या-पितळेचं नसावं. द्रावण दोन दिवसांपेक्षा जास्त साठवू नये.

उरलेला क्लोरीन मोजणं

सगळ्या हिशोबाची परीक्षा नळाला होते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलीग्रॅम प्रति लिटर हवा, आणि विषाणूंपासून, म्हणजे काविळीसारख्या साथीत, किमान ०.५. मोजायचं ते गावाच्या टोकाच्या नळाला, टाकीखालच्या नाही.

जुनी पद्धत ओटीची, म्हणजे ऑर्थोटोलिडीनच्या द्रावणाची: नळीत १ मिली पाणी, ०.१ मिली ओटी, आणि पिवळा रंग पट्टीशी जुळवायचा. मुक्त क्लोरीन वाचायचा तो पहिल्या दहा सेकंदांत. पंधरा मिनिटांनी वाचलात तर जोडलेला क्लोरीनही त्यात येतो आणि पाणी आहे त्यापेक्षा चांगलं भासतं. ओटी कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, म्हणून ते हाताला लागू देऊ नये, आणि मिळत असेल तर गुलाबी रंग देणारी डीपीडी गोळी वापरावी. लोह, मँगेनीज किंवा नायट्राइट असलेलं पाणी ओटीला क्लोरीन नसतानाही पिवळं होतं. त्यामुळे पावडर घालण्याआधीचं पाणी एकदा तपासून ठेवावं. डीपीडीत उलटी फसगत होते: क्लोरीन फार जास्त असला तर गुलाबी रंगच उडून जातो आणि पाणी 'शून्य' दाखवतं. अशा वेळी नमुना क्लोरीन नसलेल्या पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा बघा.

टाकीखाली ०.५ आणि टोकाला शून्य आलं तर पावडर वाढवण्याआधी पाइप बघा. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात रिकाम्या पाइपात ओढ निर्माण होते आणि गटारातून गेलेल्या फुटक्या जोडातून घाण आत येते. शून्य क्लोरीन ही त्या जोडाची पहिली खबर असते. व्हॉल्व्ह एकेक बंद करून नळ तपासत गेलात तर जागा सापडते.

घरात पाणी शुद्ध करायचं तर त्याच १ टक्का निवळीचे ४ मिली २० लिटर पाण्याला, अर्धा तास झाकून.

पूर ओसरल्यावर

२०१९ च्या पुरात कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा यांच्या काठच्या विहिरी गढूळ पाण्याने भरल्या. अशा विहिरीत थेट पावडर घालून उपयोग नसतो, चिखलच सगळा क्लोरीन खातो. आधी पाणी उपसा, कठडा आणि भिंत ब्रशने घासा, तळाचा गाळ काढा. माणूस विहिरीत असताना क्लोरीन वापरायचा नाही. पाणी निवळलं की ५० मिलीग्रॅमची मात्रा द्या. वरच्या २८,२६० लिटरच्या विहिरीला हे ४.३ किलो होतं, ते शंभर-शंभर ग्रॅमच्या हिशोबाने न करता अनेक मोठ्या पिंपांत निवळवून घाला. १२ ते २४ तास ठेवा, उपसून टाका, आणि नवं पाणी आल्यावर क्लोरीन ०.५ च्या आसपास येईपर्यंत पिऊ देऊ नका. उपसलेलं पाणी ओढ्यात किंवा मळ्यात न सोडता मोकळ्या पडीक जमिनीवर पसरू द्या.

गोदामातला खरा धोका

पावडर जळत नाही, पण दुसऱ्याला पेटवते. पंचायतीकडे जागा नसते म्हणून पोती सोसायटीच्या खत-गोदामात ठेवली जातात आणि शेजारी युरियाची थप्पी असते. हे कधीही करू नका. युरिया किंवा अमोनियम खत ओल्या पावडरीत मिसळलं तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा स्फोटक पदार्थ बनू शकतो. डिझेल, रॉकेल, ग्रीस, गूळ, पाचट, गोणपाट यांच्याशी संपर्क आला की ताप वाढून आग लागते. संडास साफ करायच्या आम्लाची बाटली पावडरीजवळ फुटली की क्लोरीन वायू सुटतो. नळी आम्लाने धुऊ नका म्हटलं ते याचसाठी. तुरटीचं द्रावणही आम्लधर्मी असतं, तेव्हा तुरटी आणि पावडर एकाच पिंपात कालवू नका. आधी तुरटीने निवळवा, पावडर नंतर.

क्लोरीन हवेच्या अडीचपट जड. तो जमिनीलगत, विहिरीत, टाकीच्या खोलीत साठतो. वास घशाला लागला की वाऱ्याच्या उलट्या दिशेने आणि उंचावर जा, खाली बसू नका. श्वास जड झाला तर १०८ ला फोन करा. डोळ्यात पावडर गेली तर चोळू नका, वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटं धुवा. हातमोजे, चष्मा आणि नाकावर मास्क हे पोतं उघडण्याआधी घालायचं.

पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर, सावलीत. आधी आलेलं आधी वापरा. उघडलेल्या पोत्यातली पावडर झाकणाच्या प्लास्टिक डब्यात काढून पिशवीचं तोंड पिळून बांधा.

कारखान्यात याच रसायनाची कामं

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागांवर सुती सूत ब्लीच करताना प्रति लिटर १ ते ३ ग्रॅम उपलब्ध क्लोरीन वापरतात आणि द्रावण अल्कधर्मी ठेवतात. पीएच ७ च्या आसपास आला की कापसाचा धागा झपाट्याने कमजोर होतो. रेशीम आणि लोकरीला हे लावायचंच नाही, ती पिवळी पडून विरते. शेवटी उरलेला क्लोरीन काढायला सोडियम थायोसल्फेटची खंगाळणी देतात. दुधाच्या डेअरीत भांडी निर्जंतुक करायला सोडियम हायपोक्लोराइट सुमारे २०० मिलीग्रॅम प्रति लिटर पुरतं, मात्र भांडं आधी धुतलेलं असावं.

उद्यमबागेसारख्या वसाहतीत सायनाइडचं प्लेटिंग करणाऱ्यांचं काम अधिक जपून करायचं असतं. सायनाइडयुक्त पाणी हायपोक्लोराइटने मोडतात, पण पीएच आधी १० च्या वर नेऊन, तपासून, मगच. क्रम चुकला किंवा पाण्यात आम्ल आलं तर हायड्रोजन सायनाइड आणि सायनोजन क्लोराइड हे दोन जीवघेणे वायू सुटतात. एक किलो सायनाइड पूर्ण मोडायला सिद्धांतानुसार ६.८ किलो क्लोरीन लागतो, व्यवहारात त्याहून जास्त. पहिला टप्पा २.७ किलोत होतो, तिथे थांबलात तर सायनेट उरतं. दुसरा टप्पा पीएच ८.५ च्या आसपास करतात. प्रशिक्षण नसलेल्याने हे काम एकट्याने हाती घेऊ नये.

रोजची नोंद

तारीख, टाकी किंवा विहीर, पाण्याची पातळी, पोत्याचा क्रमांक आणि टक्केवारी, घातलेले ग्रॅम, वेळ, तीन ठिकाणचा क्लोरीन: टाकीखाली, मध्यात, टोकाला. वही कानडीत असली तरी आकडे भरायला अडत नाही, आणि एक पान मराठीत आपल्यासाठी वेगळं ठेवता येतं. पोत्याचा क्रमांक न लिहिता ग्रॅम लिहिले तर सहा महिन्यांनी साथ आल्यावर पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) कारण शोधता येत नाही. जुनी मेलेली पावडर एकदम ओढ्यात टाकू नका. भरपूर पाण्यात थोडी थोडी कालवून, कोरड्या जागी खणलेल्या, विहिरीपासून लांबच्या खड्ड्यात सोडा आणि रिकामी पोती धुऊन फाडून टाका. धान्य किंवा पेंड भरायला ती कुणी नेणार नाही, एवढं बघा.